पहिली आरोळी

सोमवार, १३ ऑक्टोबर

हाताला लागली ती पेन्सिल घेऊन लिहिते आहे.

काल संध्याकाळी आमचा रितेश गेला. माझ्या धाकट्या दिरांचा, देवजीभावोजींचा, एकुलता एक मुलगा. बंदुकीचा बार लागून गेला, आणि तो बार माझ्या दीपेशचा होता असं सगळे म्हणतात. दीपेशही तसंच म्हणतो. आज दुपारी पोलिस त्याला मुरबाडला घेऊन गेले.

जसं झालं तसं लिहून ठेवते. शाळेपासूनची सवय आहे, लिहिल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

भात पिवळं पडलं की सिद्धगडाच्या बाजूनं रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत अर्धं शेत लोळवून जातात. म्हणून घरातले पुरुष ओढ्यात हाका करतात. काही जण डबे वाजवत डुकरांना झाडीतून बाहेर काढतात, बंदूकवाले बांधावर दबा धरून बसतात. काल बंदुका दोनच होत्या. एक भावोजींची, दुसरी आमच्या ह्यांची, ती दीपेशच्या हातात. दोन्ही जुन्या ठासणीच्या, म्हणजे नळीत वरून दारू, छर्रे आणि चिंधी ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची. छर्रेही एकाच डब्यातले, ह्यांनी हयात असताना ओतून ठेवलेले. रितेश हाका करणाऱ्यांत होता.

मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते. एक आवाज आला, मोठा, डोंगराला आपटून परत आला. लगोलग दीपेशची आरोळी, "माझा रे, माझा." मला हसू आलं. ज्याच्या बारानं जनावर पडतं त्याला डोकं आणि मागची तंगडी जास्तीची मिळते, आणि बार कुणाचा यावरून भांडण नको म्हणून जो पहिली आरोळी देईल त्याचा मान, अशी इथली रीत आहे. दीपेशच्या हातून आजवर ससाही पडलेला नाही. पोरं त्याला 'फुसका' म्हणतात. मनात म्हटलं, लागलं एकदाचं माझ्या लेकराच्या हाताला काहीतरी.

मग ओढ्याकडून कुणाचाच आवाज आला नाही. थोड्या वेळानं शेजारचा जैतू पळत आला.

"बाय, चादर द्या."

"डुकराला चादर कशाला रे?"

दोरीवरची चादर त्यानं स्वतःच ओढली.

डुक्कर मागे फिरलं होतं, आणि त्याला वळवायला रितेश झाडीतून पुढे पळाला होता.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काल रितेशला अग्नी दिला. मी आमच्या कुंपणापाशी उभी होते. पुढे जायची हिंमत झाली नाही. भावोजींना दोघांनी धरलं होतं.

आज पोलिसांचे साहेब दोन्ही बंदुका घेऊन गेले. पांढऱ्या कापडात गुंडाळल्या, दोरी बांधली, लाख लावली. ह्यांची बंदूक मी माझ्या शाळेच्या मरून स्वेटरमध्ये ठेवत असे. स्वेटरला कसर लागली, पण बंदुकीला कधी गंज चढू दिला नाही. दर खंडेनवमीला तेलाचं बोट फिरवायचं, दस्त्यावर झेंडूचं फूल ठेवायचं. त्या लाकडाला ह्यांच्या हाताचा वास होता.

"मिस्टर वारल्यावर ही जमा का नाही केली?" साहेबांनी विचारलं.

"राहून गेली," म्हटलं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. हा गुन्हा आहे. तुमचंही नाव लागेल."

एका बंदुकीसाठी माझं नाव लागेल, याचं मला काहीच वाटलं नाही. बंदूक गेल्याचंही, दिवाळीला माळ्यावरून काढलेली जुनी वस्तू हरवावी, तेवढंच वाटलं.

मग विचारलं, बाराचे आवाज किती ऐकले? मी म्हटलं, एक. त्यांनी मान वर केली. "दोन्ही नळ्यांचं तोंड काळं आहे, बाई." भावोजी बाजूलाच बसले होते. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "माजा बार नंतरचा. लोकांना बोलवाला हवेत काडला." मी त्या गडबडीत असेन, ऐकला नसेन. तसं साहेबांना सांगितलंही. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दोन्ही घरांत दिवा नाही.

सुंदरानं, माझ्या जावेनं, जबाब दिला आहे की दीपेशनं मुद्दाम मारलं. गणपतीनंतरच्या क्रिकेटच्या सामन्यांत दीपेशनं रितेशला कप्तान होऊ दिलं नाही, दोघांची जुंपली, तेव्हा दीपेश सगळ्यांदेखत "तुला बघून घेईन" म्हणाला होता. म्हणाला होता हे खरं. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच मोटरसायकलवरून म्हसा गावाला वडापाव खायला गेले होते हेही खरं, पण ते कुणी लिहून घेत नाही. खुनाचं कलम लागलं आहे.

आज सुंदरा कुंपणाशी येऊन बोलली. बोलली म्हणजे ओरडली नाही, त्यानं जास्त भीती वाटली.

"तुज्या पोरानं माजा पोरगा मारला आन् वर मान मागितला. डोका पायजे व्हता ना त्याला? दिला आमी डोका. आता शिजव."

रितेश लहानपणी जेवायला तिच्याकडे आणि झोपायला माझ्याकडे असे. मला मोठी आई म्हणायचा. "मोठी आई, त्या मिशीवाल्या सिस्टरची नक्कल कर," म्हणून मागे लागायचा. मी कल्याणच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेटसारखी भुवया उडवून "साय-लेन्स" म्हटलं की हसून हसून त्याला उचकी लागायची. मिशी फुटली तरी ते सोडलं नव्हतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

भावोजींनी आमचं भात कापून दिलं. मी बोलावलं नव्हतं. सकाळी उठले तर वरच्या खाचरात विळा घेऊन एकटेच वाकलेले. स्वतःचं अजून उभं आहे.

चहा नेला तर घेतला नाही. "नको वैनी." माझ्याकडे बघितलंही नाही. मुलगा गेलेल्या माणसाला काय म्हणायचं. ज्याच्या मुलानं आपला मुलगा नेला त्याच्याच शेतात राबायचं, हे मोठ्या मनाशिवाय होत नाही.

वकीलही त्यांनीच बघून दिली. शहापूरची रुचिता म्हणून मुलगी आहे, तरुण आहे पण हुशार. मी विचारलं, सुंदराला कळलं तर? म्हणाले, "कलूं दे." तिला कळलंच. पलीकडून ऐकू येत होतं, "ज्यानं वंश बुडवला त्याला वकील देतो. तू बाप हाईस का कोन?"

ह्यांचा भाऊ शोभतो. देवमाणूस आहे.

गुरुवार, ४ डिसेंबर

जामीन नाकारला. आज कल्याणला तुरुंगात जाऊन दीपेशला भेटले. मध्ये काच, हातात फोन. माझ्या शाळेपासून हे ठिकाण काही फार लांब नाही. लहानपणी आम्ही याच रस्त्यानं दोघी-दोघींच्या रांगेत चालत खेळाच्या मैदानावर जायचो आणि त्या भिंतीकडे बघायचं नाही अशी सिस्टरांची ताकीद होती.

वाळला आहे. आसनगावच्या कंपनीनं कामावरून काढल्याचं मी सांगितलं नाही, त्याला ते ठाऊक होतं.

म्हणाला, "आई, माझा खांदा दुखला नाय."

मी म्हटलं, देवाची कृपा. पोलिसांनी मारहाण केली नाही हे ऐकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तसं नाय गं. त्या दिवशी. बार काढल्यावर दस्ता खांद्याला बसतो ना, जोरात. तो बसलाच नाय. मी रोज आठवून बघतो."

"आता नको आठवूस," मी म्हटलं. "जेवतोस ना नीट?"

"काका येतात घरी?"

"येतात रे. सगळी कामं करतात आपली."

"काय बोलतात?"

"काही नाही. बिचारे काय बोलणार."

"हं," म्हणाला. मग वेळ संपली.

सोमवार, १२ जानेवारी

आरोपपत्र आलं. माझंही नाव आहे, बंदूक ठेवल्याबद्दल. जैतूचा जबाब आहे, इतर पाच जणांचे आहेत, सगळ्यांनी एकच लिहिलंय : बार झाला आणि दीपेशनं "माझा" म्हणून आरोळी दिली. आरोपीनं जागेवर कबुली दिली, असा पोलिसांनी त्या आरोळीचा अर्थ लावलाय. रुचिता म्हणते, त्या आरोळीमुळंच खटला उभा आहे, ती रीत कोर्टाला समजावून सांगावी लागेल. मी म्हटलं, लहान मुलं खेळताना आधी "मी राजा" म्हणतात, तसंच आहे ते.

सुंदरा आता कुंपणाशी येत नाही. केर काढताना आमच्या बाजूची धूळ मात्र बरोबर आमच्या अंगणात लोटते. मी झाडून घेते.

गुरुवार, २९ जानेवारी

काय लिहू. तरी लिहिते.

रुचितानं शहापूरला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे. ह्यांची बंदूक तिथं उघडली तेव्हा ती भरलेली होती. दारू, छर्रे, चिंधी, सगळं नळीत तसंच. टोपी तेवढी फुटलेली. तोंडाला काळं होतं ते जुनं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दीपेशनं चाप ओढला, टोपी फट् करून फुटली, पण बार पेटलाच नाही. त्याच क्षणी दुसरा बार झाला. त्याला वाटलं आपलाच, म्हणून ओरडला."

"दुसरा बार कुणाचा?"

मीच बोलत राहिले. म्हटलं, भावोजींचा तर नंतरचा होता, हवेतला. म्हटलं, छर्रे जमिनीवरून उडाले असतील. म्हटलं, प्रयोगशाळेत बंदुकांची अदलाबदल झाली असेल, सरकारी काम आहे. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकू, तुम्ही आवाज किती ऐकले?"

तिच्या टेबलावर काचेखाली गणपतीचं चित्र होतं, त्याकडे बघत होते.

दहा फेब्रुवारीला जामिनाची तारीख आहे. त्या दिवशी ती अहवाल दाखवणार. माझा मुलगा सुटेल. आणि त्याच दिवशी सुंदराला कळेल की रोज ज्याच्याशेजारी ताट मांडते त्या माणसाच्या हातून तिचा रितेश गेला.

शनिवार, ३१ जानेवारी

आज परत कल्याणला जाऊन दीपेशला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आठ-दहा दिवसांत कळलं. आत काय, विचारच करायचा असतो."

"मग वकिलाला का नाही सांगितलंस?"

"आरोळी मी दिली ना. माझ्याच तोंडानं. मला वाटलं काका सांगतील. रोज वाटायचं, आज सांगतील. त्यांच्याआधी मी कसं बोलू?"

"काकांना माहीत असेल का, नक्की?"

"आई," तो म्हणाला, जसं मी लहानपणी त्याला म्हणायचे, "दस्ता त्यांच्या खांद्याला बसलाय."

मग म्हणाला, काकीला कागदावरून कळू देऊ नको. आणि तू पण सांगू नको. काकांना सांगू दे.

सोमवार, २ फेब्रुवारी

भावोजी सकाळी आमची गवताची गंज शाकारायला आले. मी अंगणात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायला विसरले.

म्हटलं, "भावोजी, ह्यांची बंदूक भरलेली निघाली."

हातातला पेंढा हातातच राहिला.

"सुंदराला तुम्ही सांगा. दहा तारखेच्या आत. नाहीतर मी सांगेन."

ते खाली बसले, गंजीला टेकून. म्हणाले, "वैनी, झाडी हालली. मी डुक्करच बगितला. देवाशपथ डुक्करच बगितला."

"मी कुठं नाही म्हणते."

"आन् पोरगा ओरडला, माजा म्हनून. मी मनाला सांगितला, त्याचाच आसंल. त्याचाच आसंल. तिथपावेतो जाईपर्यंत मी त्याचाच केला तो बार." त्यांनी तोंड पुसलं. "मग चादर आली."

जामीन नाकारल्यावर माझ्या मुलानं तुरुंगात किती दिवस काढले ते मला म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. त्यांच्या पायाला भेगा पडून रक्त आलं होतं, माझ्या शेतात राबून. चहा टाकला. आज त्यांनी घेतला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही. सुंदराच्या वागण्यात फरक नाही, धूळ येतेच आहे.

मला वेगळीच भीती लागली आहे. भावोजी काल गोठ्यात दोर घेऊन बराच वेळ उभे होते. बैल बांधायचा असेल. पण बैल बांधलेलाच होता. भातावर मारायच्या औषधाची त्यांची बाटली मळ्याच्या खोपीत असते, ती मी आज जाऊन आणली आणि आमच्या शेणखईत ओतली. जैतूला म्हटलं, भावोजींवर जरा नजर ठेव. तो म्हणाला, "कनाला?" म्हटलं, त्यांना चक्कर येते.

मीच त्यांना ढकललं का कड्यावर? दीपेशचा चेहरा आठवला की वाटतं, योग्य केलं. पलीकडून खोकला ऐकू आला की वाटतं, नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पहाटे सुंदराच हाका मारत आमच्या दारात आली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"ताय, मानूस घरात नाय. चपला हायेत."

आम्ही दोघी धावलो. विहीर, गोठा, ओढा. ओढ्यातल्या त्या जागेपाशी ती थांबली नाही, मीही नाही. मी विहिरीत वाकून बघत होते तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता, मी पडेन म्हणून की तिलाच आधार हवा म्हणून, माहीत नाही. ती म्हणाली, "का गो, तू आधी हीरच का बगितलीस?"

तेवढ्यात जैतू फोन घेऊन आला. भावोजी मुरबाडच्या पोलिस ठाण्यात होते. अनवाणी चालत गेले होते, रस्त्यानं.

जीपनं मुरबाडला गेलो. ठाण्यात बाकावर एक हवालदार बसलेला, वयानं मोठा. त्यानं आम्हाला बसवलं आणि सुंदराला सांगितलं, साध्या शब्दांत, हळू. तुमच्या मालकांनी जबाब दिलाय. बार त्यांचा होता.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"त्यानं चाय पिली का?" तिनं विचारलं.

"दिली बाई."

"साखर नको घालू. त्याला साखर हाय." मग उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. आत भावोजींना भेटायचं का विचारलं तर मान हलवली, नाही म्हणून.

रुचिताचा फोन आला, दुपारी. दीपेशला जामीन मिळाला. मी तो फोन पायरीवर बसूनच घेतला, सुंदराच्या शेजारी, आणि आनंद दिसू नये म्हणून आवाज खाली ठेवला.

परत येताना सरळगाव गेल्यावर ती बोलली.

"तुला कवापास्न म्हाईत?"

"पंधरा दिवस होतील."

"आन् दीपेशला?"

"बरेच दिवस."

"मी रोज त्याच्या नावानं बोटं मोडली." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमी आयकत रायलात."

"हो."

गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "पोरगा आला का आधी माज्या दारात आन. तुज्या उंबऱ्याच्या आत जायच्या आधी."

का, ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

रात्रभर तिचं वाक्य मनात होतं. कोयता, उकळतं पाणी, काय काय आलं डोक्यात. वाटलं, पोराला कल्याणलाच माझ्या भावाकडे ठेवावं. आज तुरुंगातून सुटल्यावर दीपेशला तसं सांगितलं तर म्हणाला, "काकीनं बोलावलंय ना, जायचं."

दुपारी पोचलो. माझं दार उघडं होतं, भाकरी झाकून ठेवली होती, तिकडे तो वळलाही नाही. कुंपणाच्या फाटकातून पलीकडे गेला आणि काकीच्या दारात उभा राहिला. मी मागे, तुळशीपाशी.

सुंदरा बाहेर आली. त्याला पायापासून वर बघितलं. कितीतरी वेळ. त्यानं मान खाली घातली नाही, आणि वाकून पायाही पडला नाही, बरं केलं.

"हाडं रायली तुजी," ती म्हणाली.

"हां काकी."

"बस."

तो ओट्यावर बसला. ती उंबऱ्यावर.

"आता सांग. सकालपास्न. तो काय जेवला, काय घातला व्हता, कुठं हासला. मना कोनीच सांगितला नाय. समदे सांगतात, बार झाला, बार झाला. त्याच्या आधीचा सांग."

दीपेश सांगायला लागला. सकाळी दोघं नदीवर गेले तिथून. आवाज हळू होता, मला शब्द नीट कळत नव्हते. मध्ये एकदा सुंदरा "आसा बोल्ला तो?" म्हणाली, तेवढं कळलं. मग दीपेशचा आवाज अडला, आणि त्यानं परत सुरू केलं.

पुढची गोष्ट कुठं जाणार ते आम्हा तिघांना माहीत होतं. मला ओट्यावर कुणी बोलावलं नाही. मी तिथंच उभी राहिले, ऊन पायावरून सरकेपर्यंत.